बत्तिसांत एक

एका जागी बसा. चौलला असाल तर भोवाळ्याच्या डोंगरावर, दत्ताच्या पायऱ्या चढून आल्यावर लोक दम खायला टेकतात तिथे. नसाल तर घरीच, खिडकीपाशी. पाठ ताठ हवी असं काही नाही. घाई नसावी, एवढंच. दिवस नुकताच मावळलेला असावा. खाली नारळी-पोफळीच्या वाड्या, त्यांच्या पलीकडे रेवदंड्याचा किनारा, डावीकडे कुंडलिकेच्या मुखाशी कोर्लईचा डोंगर, आणि मग नुसता अरबी समुद्र.

आज मननाला एक आकडा घेऊ. 3.1 टक्के.

18 फेब्रुवारी 2025 रोजी हा आकडा जगभरच्या वर्तमानपत्रांत आला. ‘2024 वायआर4’ नावाचा एक लघुग्रह 22 डिसेंबर 2032 रोजी पृथ्वीवर आदळण्याची ती शक्यता होती. बत्तिसांत एक. आदळलाच तर कुठे, याचाही पट्टा शास्त्रज्ञांनी आखला होता: पूर्व पॅसिफिक, दक्षिण अमेरिकेचा उत्तर भाग, अटलांटिक, आफ्रिका, अरबी समुद्र, दक्षिण आशिया. पट्ट्यातल्या मोठ्या शहरांच्या यादीत मुंबई होती. वेळ आपल्याकडे संध्याकाळी साडेसातच्या सुमाराची, म्हणजे तिन्हीसांजा उलटून देवापुढचा दिवा स्थिर झालेला असतो तेव्हाची. हे पाणी, हा किनारा, ही वेळ.

आकडा मनात ठेवा. त्याचं काही करू नका. मन त्याचं काय करतं, तेवढं बघा.

मन दोनांपैकी एका वाटेने पळतं. एक वाट सांगते, अजून इतकी वर्षं आहेत, होईल ते बघू. दुसरी सांगते, आता संपलंच सगळं. वाटा उलट्या दिसल्या तरी दोन्हींचं काम एकच: आकड्यापासून सुटका करून घेणं. पहिली त्याचं शून्य करते, दुसरी शंभर. बत्तिसांत एक हे बत्तिसांत एकच राहू देणं मनाला फार जड जातं. आजचा अभ्यास तेवढाच आहे. आकड्याला शून्याकडे ढकलायचं नाही, शंभराकडे ओढायचं नाही.

आता हातात एक दगड घ्या. इथे दगडाला तोटा नाही. रेवदंड्याच्या आगरकोटाच्या तटात तोच काळा कातळ, वाडीच्या गडग्यात तोच, विहिरीच्या बांधणीतही तोच. डोळ्यांजवळ नेलात तर बारीक भोकं दिसतील. काही रिकामी, काही पांढऱ्या खड्यांनी भरलेली. वितळलेला खडक थिजत असताना आतले वायू जिथे अडकले, त्या या जागा. दख्खनचा हा लाव्हा सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीच्या काळात, लाखो वर्षं, थरावर थर वाहत राहिला. त्याच काळात मेक्सिकोच्या युकातान किनाऱ्यावर सुमारे 10 किलोमीटर रुंदीचा लघुग्रह आदळला. त्याच्या चिक्शुलूब विवराची रुंदी सुमारे 180 किलोमीटर भरते. डायनासोर गेले ते तेव्हा. त्यात धडकेचा वाटा किती आणि आपल्या लाव्ह्याचा किती, हा वाद भूशास्त्रज्ञांत पुष्कळ वर्षं चालला आहे. दख्खनचे काही थर त्या धडकेच्या आधीचे आहेत, काही नंतरचे.

याच कातळात, चौलच्या पूर्वेला बुलढाणा जिल्ह्यात, लोणार आहे. काठापासून काठापर्यंत सुमारे 1.8 किलोमीटर. बेसॉल्टवर आघात होऊन बनलेली विवरं पृथ्वीवर मोजकीच आहेत, त्यांत हे सर्वांत नीट टिकलेलं. 1823 मध्ये अलेक्झांडर नावाच्या ब्रिटिश अधिकाऱ्याने त्याची नोंद केली. पुढे दीडशे वर्षांच्या आसपास ते ज्वालामुखीचं मुख असावं असं बरेच जण धरून चालले. 1970 च्या दशकात तिथल्या खडकात जबर आघाताशिवाय न होणारी काच सापडली आणि प्रश्न मिटला. वयाचा अंदाज आधी पन्नास हजार वर्षांच्या घरात होता, नंतरच्या आर्गॉन पद्धतीच्या मापनाने तो सुमारे 5 लाख 70 हजारांवर गेला. गावाने मात्र आपली गोष्ट केव्हाच रचली होती. लवणासुर होता, विष्णूने त्याला मारलं, तिथे दैत्यसूदनाचं देऊळ उभं राहिलं. खळगा डोळ्यांना दिसत होता, कारण दिसत नव्हतं. कारणाची जागा गोष्टीने भरून काढली.

दगड हातात असू द्या. आकाशातून येऊन आदळणं ही आपल्या मुलखात घडून गेलेली गोष्ट आहे. पुन्हा घडेल का, हा प्रश्न नाही, घडेल. केव्हा, आणि तोवर आपल्याला काय काय कळलेलं असेल, हे प्रश्न आहेत.

आता आकड्याच्या पोटात शिरू. तो चढला कसा?

हा लघुग्रह 27 डिसेंबर 2024 रोजी चिलीतल्या ‘अ‍ॅटलास’ दुर्बिणीला सापडला. तोवर तो पृथ्वीजवळून जाऊन दोन दिवस झाले होते. पाठमोरा, रोज फिका होत जाणारा. थोड्या रात्रींच्या वेधांतून त्याच्या कक्षेचा बारीकसा तुकडा हाती येतो आणि त्या तुकड्यावरून आठ वर्षांनंतरची जागा काढायची असते. आजची केसाएवढी चूक तिथे लाखो किलोमीटरची होते.

रेवदंड्यापासून नागावकडे जाणारा किनारा डोळ्यांसमोर आणा. ओहोटी आहे, वाळू मोकळी पडली आहे. त्या दिवशी लघुग्रह या किनाऱ्यावर कुठेतरी असेल, एवढंच ठाऊक आहे. किनाऱ्यावर एकच होडी ओढून ठेवलेली आहे. ती होडी म्हणजे पृथ्वी. किनारा शंभर होड्यांएवढा लांब असेल, तर शक्यता शंभरात एक. दुसऱ्या रात्री कुणीतरी दुर्बीण लावतं, नवा वेध मिळतो, आणि किनाऱ्याचा इकडचा थोडा, तिकडचा थोडा भाग गळून जातो. होडी अजून आतच आहे. आता किनारा उरला बत्तीस होड्यांएवढा. शक्यता बत्तिसांत एक.

इथे थांबा. धोका वाढला का?

लघुग्रह त्याच्या वाटेने चालला आहे. जिथून जायचा तिथूनच जाणार. त्याच्या वाटेत तसूभरही फरक पडलेला नाही. फरक पडला तो आपल्या अज्ञानात. ते आटलं, आणि ते आटताना आकडा चढला. मग एका रात्री किनाऱ्याचं टोक होडीच्या अलीकडे येतं आणि होडी बाहेर राहते. 18 फेब्रुवारीचा 3.1 टक्क्यांचा आकडा 24 फेब्रुवारीपर्यंत 0.004 टक्क्यांवर आला. नंतर काही काळ चंद्रावर आदळण्याच्या छोट्या शक्यतेची चर्चा झाली; आपल्या माथ्यावरचा 2032 चा प्रश्न मिटला.

हे नुसतं समजून घेऊन पुढे जाऊ नका. थोडा वेळ यातच राहा. कळत जाण्याच्या वाटेवर एक टप्पा असा येतो, जिथे जास्त कळल्याने जास्त भीती वाटते. दवाखान्यातल्या तपासण्यांत तो येतो, पेपरफुटीच्या चौकशीत येतो, घरातल्या जुन्या कर्जाचे कागद काढल्यावरही येतो. बरेच जण त्याच टप्प्यावर कागद मिटून ठेवतात आणि म्हणतात, बघायलाच नको होतं. आकडा खाली येतो तो मात्र पुढच्या वेधाने. आणखी एकदा बघणं एवढाच त्यावर उपाय असतो.

आता एका जुन्या डिसेंबरात जाऊ. 2004 ची मार्गशीर्षी पौर्णिमा. चौलला दत्ताच्या जत्रेचे दिवस. त्या आठवड्यात पुन्हा हाती लागलेल्या एका लघुग्रहाचा आकडा दिवसागणिक चढत होता आणि 27 डिसेंबरला तो 2.7 टक्क्यांवर पोचला. धडकेची तारीख होती 13 एप्रिल 2029. एरवी पहिल्या पानावर झळकली असती अशी बातमी, पण लोकांचं लक्ष तिकडे जाणं शक्यच नव्हतं. आदल्याच दिवशी, 26 डिसेंबरच्या सकाळी, सुमात्राजवळ समुद्राचा तळ हलला होता. इंडोनेशिया, श्रीलंका, अंदमान-निकोबार, तमिळनाडू. दोन लाखांहून अधिक माणसं गेली. भूकंप आणि तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची लाट यांच्यात दोन तासांच्या आसपास वेळ होता, पण ते कळवणारी यंत्रणा हिंदी महासागरात नव्हती. पंचवीस वर्षांनंतरच्या तारखेचा हिशेब माणसाकडे होता, दोन तासांनंतरच्या लाटेचा नव्हता. हैदराबादचं त्सुनामी सूचना केंद्र त्यानंतर, 2007 मध्ये सुरू झालं.

लघुग्रहाचं काय झालं? तो 2.7 चा आकडा त्याच दिवशी उतरला. अ‍ॅरिझोनातल्या ‘स्पेसवॉच’ दुर्बिणीने मार्च 2004 मध्ये घेतलेली आकाशाची चित्रं कुणीतरी पुन्हा काढून पाहिली. त्यांत हा फिकट ठिपका होता. तो सापडण्याच्या तीन महिने आधीच टिपला गेला होता, तेव्हा तिकडे कुणाचं लक्ष गेलं नव्हतं. तो एक जुना ठिपका मिळाला, कक्षेचा तुकडा लांब झाला आणि पृथ्वी पट्ट्याबाहेर पडली. पुढे त्या लघुग्रहाला ‘अपोफिस’ हे नाव मिळालं.

यावर जरा रेंगाळा. सर्वांत मोठ्या घोराच्या दिवशी कामाला आलं ते घोर नसलेल्या दिवशी कुणीतरी केलेलं काम. त्या रात्री त्या माणसाला धोक्याची कल्पनाही नसणार. आकाशाचा नेमून दिलेला तुकडा होता, त्याने चित्र घेतलं, तारीख-वेळ घातली, ठेवून दिलं.

अशा कामाचं एक घर चौलपासून फार लांब नाही. उत्तरेला पंधरा-सोळा किलोमीटरवर अलिबागची चुंबकीय वेधशाळा आहे. मुंबईच्या कुलाब्याला 1841 पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाची मोजणी चालत होती. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असं ठरलं आणि त्या विजेने मोजमाप बिघडणार हे उघड झालं. तेव्हा वेधशाळेचे प्रमुख नानाभाई मूस यांनी नवी जागा शोधली ती अलिबागची. इमारत चुंबकत्व नसलेल्या दगडाची, लोखंड टाळून बांधलेली. 1904 मध्ये इथे काम सुरू झालं, पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजणी झाली, जुन्या आकड्यांचा नव्या आकड्यांशी मेळ बसावा म्हणून. जागा बदलली, नोंदीचा धागा तुटू दिला नाही. ही वेधशाळा लघुग्रह शोधत नाही. तिचं लक्ष सूर्याच्या वादळांनी थरथरणाऱ्या काट्याकडे. पण वळण तेच. काही घडत नसतानाही रोज लिहायचं.

आता आकाशाच्या वहीतल्या कोऱ्या जागांकडे बघू.

16 ऑगस्ट 2020, रविवार, सकाळचे 9 वाजून 38 मिनिटं. गणपती सहा दिवसांवर आले होते. त्या क्षणी ‘2020 क्यूजी’ हा तीन ते सहा मीटरचा लघुग्रह हिंदी महासागराच्या दक्षिण भागावरून, जमिनीपासून अवघ्या 2,950 किलोमीटरवरून निघून गेला. न आदळता इतक्या जवळून गेलेला दुसरा लघुग्रह तोवर नोंदलेला नव्हता. तो सूर्याच्या बाजूने आला, त्यामुळे येताना कुणाला दिसलाच नाही. काही तासांनी कॅलिफोर्नियातल्या पालोमार वेधशाळेच्या चित्रांत त्याची रेघ उमटली. ती ओळखली मुंबईच्या आयआयटीतल्या कुणाल देशमुख आणि कृति शर्मा या विद्यार्थ्यांनी, संगणकावर रोजच्यासारख्या रेघा चाळता चाळता. बहुतेक रेघा माणसाने सोडलेल्या उपग्रहांच्या असतात. ही तशी नव्हती. एवढा लहान दगड वातावरणातच जळून गेला असता, म्हणून काळजीचं कारण नव्हतं. पण कोणती बाजू आपल्याला दिसत नाही, हे त्या दिवशी पुन्हा कळलं.

त्याच बाजूने 15 फेब्रुवारी 2013 रोजी रशियातल्या चेल्याबिन्स्कवर सुमारे वीस मीटरचा एक दगड आला आणि जमिनीपासून तीसेक किलोमीटर उंचीवर फुटला. सूर्यापेक्षा प्रखर उजेड पडला. काय झालं ते बघायला लोक खिडक्यांशी धावले. उजेडामागून धक्क्याची लाट येते, ती मिनिट-दोन मिनिटांनी. काचा फुटल्या तेव्हा माणसं काचांपाशीच उभी होती. दीड हजारांच्या आसपास लोक जखमी झाले, बहुतेक काचांनी. आकाशात अनोळखी लख्ख उजेड पडला तर खिडकीपासून दूर व्हायचं आणि कानठळ्या बसेपर्यंत तिकडे फिरकायचं नाही, हे लहान मुलालाही सांगून ठेवता येतं. ग्रहाचं रक्षण म्हटलं की रॉकेटं आठवतात. त्यात हे एक वाक्यही येतं.

कोकणाला सूचनेची भाषा नवी नाही. बंदरावर 3 नंबरचा बावटा लागला की होड्या वर घ्यायच्या, हे इथे कुणाला शिकवावं लागत नाही. लघुग्रहांनाही असेच नंबर देतात, शून्य ते दहा. 2024 वायआर4 काही आठवडे 3 नंबरवर होता. निसर्ग वादळ 3 जून 2020 रोजी अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्याला लागलं. आधी काही दिवस त्याची वाट कळलेली होती, किनाऱ्यावरच्या लोकांना पक्क्या इमारतींत हलवलं होतं. वाऱ्याने पोफळी मोडल्या, नारळ मुळासकट उलथले, पत्रे कागदासारखे उडाले. पोफळ लावल्यापासून हाताला सुपारी लागायला पाच-सात वर्षं जातात. ती वर्षं एका दुपारी गेली. माणसं बहुतेक वाचली.

वादळ थोपवता येत नाही, लाट थोपवता येत नाही. त्यांच्या वाटेतून आपण बाजूला व्हायचं असतं. लघुग्रह ही एकच अशी नैसर्गिक आपत्ती आहे, जिला बाजूला करता येईल. 26 सप्टेंबर 2022 रोजी नासाचं ‘डार्ट’ यान, सेकंदाला सहा किलोमीटरच्या वेगाने, डायमॉर्फोस या सुमारे 160 मीटरच्या लघुग्रहावर मुद्दाम आदळवलं. तो स्वतःपेक्षा मोठ्या डिडिमॉसभोवती 11 तास 55 मिनिटांत फिरत असे. धडकेनंतर ती फेरी 32 मिनिटांनी कमी झाली. माणसाने एका खगोलाची चाल जाणूनबुजून बदलल्याची ती पहिली वेळ. धक्का इवलासा होता, आणि इवलासा पुरतो. सेकंदाला एक सेंटिमीटर एवढाच वेग बदलला, तरी दहा वर्षांत अंतर तीन हजार किलोमीटरहून जास्त पडतं. दहा वर्षं हातात असली पाहिजेत, एवढीच अट. म्हणजे पुन्हा वहीकडे यावं लागतं.

आणखी एक अवघड जागा आहे. तिथेही क्षणभर बसा. ढकलायचं कुठे? धक्का दिला की धडकेची जागा त्याच पट्ट्यावरून सरकत जाते. पुरती सरकली तर पृथ्वी सुटते. धक्का कमी पडला तर मुंबईवरचं संकट आफ्रिकेतल्या एखाद्या शहरावर जाऊन थांबेल, किंवा तिकडचं इकडे येईल. दुसऱ्याच्या माथ्यावरून नेल्याशिवाय आपल्या माथ्यावरचं काढता येत नाही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने दोन गट नेमले आहेत: एक इशारा देणारा, दुसरा मोहिमांचा विचार करणारा. पहिल्याने 29 जानेवारी 2025 रोजी, आकडा एक टक्क्याच्या वर गेल्यावर, रीतसर सूचना काढली होती. एखाद्या देशाने एकट्याने उरकून टाकावं असं हे काम नाही. 2032 चा पट्टा आठवा. या पाण्यावरून तो सलग खार्तूम, लागोस, बोगोटापर्यंत गेला होता. त्या रेषेवरचे सगळे काही आठवडे एकमेकांचे शेजारी होते.

आता दगड खाली ठेवा आणि आकडा पुन्हा मनात आणा. बत्तिसांत एक. सुरुवातीला तो नुसता भीतीचा होता. आता त्यात चिलीची दुर्बीण आहे, अ‍ॅरिझोनातलं जुनं चित्र आहे, रेघा चाळणारी पोरं आहेत. आजवर चाळीस हजारांहून अधिक पृथ्वीसमीप लघुग्रहांची नोंद झाली आहे. एक किलोमीटरहून मोठे जवळजवळ सगळे सापडलेत. 140 मीटरच्या वरचे निम्म्याहून अधिक सापडायचे आहेत. काम उरलेलं आहे आणि ते कसं करायचं ते ठाऊक आहे. मनाला ही स्थिती सोसायला शिकवायची आहे. निश्चिंत व्हायचं नाही, घाबरंही व्हायचं नाही.

एक तारीख आताच लिहून ठेवा: शुक्रवार, 13 एप्रिल 2029. सुमारे 340 मीटरचा तोच अपोफिस त्या रात्री पृथ्वीपासून 32 हजार किलोमीटरवरून जाईल, आपल्या दूरदर्शनच्या उपग्रहांहूनही जवळून. आदळणार नाही, 2021 च्या रडार वेधांनंतर पुढच्या शंभर वर्षांची खात्री मिळाली आहे. अमावास्या असेल, म्हणजे अंधार चांगला. तो हिंदी महासागरावरून आफ्रिकेकडे सरकेल. आंबेडकर जयंतीच्या पहाटे सव्वातीनच्या सुमाराला अगदी जवळ येईल, तेव्हा तो अटलांटिकवर असेल. म्हणून चौलच्या किनाऱ्यावरून शोधायचा तो त्याआधी, रात्री, पश्चिमेकडे कलताना. सोबत साधी दुर्बीण असलेली बरी. घरातल्या मुलांना न्या. दिसला तर वेळ आणि दिशा वहीत लिहा. ढग आले आणि दिसला नाही, तर तेही लिहा.